बसलं की पडलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धूमकेतू हा शब्द ऐकला की आपल्याकडची जुनी माणसं अजूनही जरा गंभीर होतात. शेंडेनक्षत्र दिसलं म्हणजे दुष्काळ, रोगराई, राजाचा मृत्यू, असं पिढ्यान्‌पिढ्या आपण ऐकत आलो. त्याच शेंडेनक्षत्रावर माणसाने एक यंत्र उतरवलं, त्याला आता दशक उलटून गेलं. तो दिवस १२ नोव्हेंबर २०१४, बुधवार. मी तेव्हा जळगावात मुलांना विज्ञान शिकवत होतो आणि ते सगळं घरच्या संगणकावर, अडखळत चालणाऱ्या इंटरनेटच्या भरवशावर पाहत होतो. आज त्याविषयी थोडं बोलायचं आहे.

मुळात तिथे जायचं कशाला? आकाशातले दगड तर आपण होऊन आपल्याकडे येतात. खानदेशातही आले आहेत. १८४३ साली मानेगावला एक उल्कापाषाण पडला. १८७७ साली धुळे परिसरात दुसरा पडला, तो जगाच्या यादीत ‘भगूर’ या नावाने नोंदलेला आहे. मानेगावचा पाषाण ‘डायोजेनाइट’ जातीचा. या जातीचे दगड वेस्टा नावाच्या मोठ्या लघुग्रहावरून आले असावेत, असं शास्त्रज्ञ मानतात. नासाच्या ‘डॉन’ यानाने २०११ आणि २०१२ मध्ये वेस्टाभोवती फिरून केलेल्या निरीक्षणांनी या मताला बळकटी दिली. म्हणजे आपल्या कपाशीच्या आणि केळीच्या मुलखात वेस्टाचा एक तुकडा येऊन पडला होता!

पण हे झाले दगड. धूमकेतू आहे बर्फ आणि धुळीचा. त्याचा बर्फ आपल्या वातावरणातून खाली येईपर्यंत टिकत नाही. सूर्यमाला जन्मली तेव्हाचा, म्हणजे सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा तो बर्फ पाहायचा, तर त्याच्या दारी आपणच जायला हवं.

म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने २ मार्च २००४ रोजी ‘रोझेटा’ यान सोडलं. ज्या धूमकेतूकडे ते निघालं, तो चुर्युमोव आणि गेरासिमेन्को या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १९६९ साली शोधलेला. लांबी जेमतेम चार किलोमीटर. हे अंतर जळगावकर सकाळी फिरायला जाऊन संपवतात! तिथे पोहोचायला रोझेटाला दहा वर्षं लागली आणि ६ अब्ज किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागला. वाटेत वीज वाचवण्यासाठी त्याला अडीच वर्षं झोपवून ठेवलं होतं.

रोझेटाच्या पोटाशी ‘फिले’ नावाचं छोटं यंत्र होतं. पृथ्वीवर त्याचं वजन सुमारे १०० किलो, पण धूमकेतूचं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण की तिथे ते भरणार अवघं एक ग्रॅम. आमच्या सराफ बाजारातल्या तराजूत एक ग्रॅम सोनं टाकलं तर जेवढा काटा हलेल, तेवढंच! अशा ठिकाणी उतरणं सोपं वाटतं, पण खरी अडचण टिकून राहण्याची. जरा जोरात उसळी बसली, तर यंत्र कायमचं अंतराळात निघून जाणार. म्हणून फिलेला तीन आधार दिले होते. पायांत बर्फात शिरणारे स्क्रू, जमिनीत रुतणारे दोन भाले आणि वरून खाली दाबणारा वायूचा झोत.

दुपारी दोनच्या सुमारास फिले रोझेटापासून सुटलं आणि सात तास संथपणे खाली जात राहिलं. रात्री ९ वाजून ३३ मिनिटांनी जर्मनीतल्या डार्मस्टाट इथल्या नियंत्रण कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. फिले टेकल्याचा संदेश आला होता.

पण गंमत पाहा. धूमकेतू तेव्हा आपल्यापासून सुमारे ५१ कोटी किलोमीटर दूर होता. तिथला संदेश इथे यायला २८ मिनिटं लागत होती. वायूचा झोत चाललाच नव्हता, भाले सुटलेच नव्हते. टाळ्या वाजत होत्या त्या घटकेला फिले जमिनीवर नव्हतंच! ते उसळून वर तरंगत होतं. पहिली उसळी जवळजवळ दोन तासांची होती. पुढे एकदा खड्ड्याच्या कडेला धडकून, पुन्हा टेकून, पुन्हा उसळून ते एका कड्याच्या सावलीत कलंडून थांबलं. सौरपट्ट्यांना पुरेसं ऊन मिळेना.

दुसऱ्या दिवशी शेजारचे जिभाऊ भेटले. मूळचे धुळे जिल्ह्यातले, शेती अजून तिकडेच. त्या वर्षी पाऊस लांबला आणि त्यांना दुबार पेरणी करावी लागली होती. त्यांनी विचारलं, “सर, मंग ते बठनं का पडनं?” मी म्हटलं, “जिभाऊ, आधी पडलं, मग उठलं, पुन्हा पडलं आणि मग बसलं.” जिभाऊ हसले. म्हणाले, “मंग आमनामायकच शे ते.” म्हणजे, मग ते आमच्यासारखंच आहे!

वर्गात मुलंही हेच विचारत होती. “सर, मोहीम पास की नापास?” आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचा निकाल या दोन शब्दांत लागतो. पण फिलेचा निकाल तसा लागत नाही. बॅटरीच्या बळावर त्याने सुमारे ५७ तास काम केलं. हवेतले सेंद्रिय रेणू हुंगले, छायाचित्रं पाठवली, हातोडी मारून जमिनीचा कठीणपणा तपासला आणि मग झोपी गेलं. जून २०१५ मध्ये ते थोडं जागं झालं. ९ जुलैला शेवटचा संदेश आला. त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर २०१६ मध्ये, रोझेटाच्या छायाचित्रात ते कपारीत अडकलेलं सापडलं.

खरी मौज पुढेच आहे. फिले दुसऱ्यांदा नेमकं कुठे टेकलं, याचा शोध शास्त्रज्ञ घेत राहिले. २०२० साली ती जागा सापडली. तिथे त्या धक्क्याने वरची धूळ खरवडली जाऊन आतला प्राचीन बर्फ उघडा पडला होता. खुणांवरून मोजलं, तेव्हा हा बर्फ कॉफीवरच्या फेसापेक्षाही मऊ असल्याचं कळलं. यंत्र ठरल्याप्रमाणे जागच्या जागी बसलं असतं, तर हे समजलं नसतं!

पुढे २०१९ साली ७ सप्टेंबरच्या मध्यरात्री आपण सगळे जागे होतो. चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ चंद्रापासून सुमारे दोन किलोमीटरवर असताना संपर्क तुटला. सकाळी वर्गात मुलं हिरमुसली होती. मी त्यांना फिलेची गोष्ट सांगितली. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात अलगद उतरलं. पहिल्या पडण्यात जे कळलं, ते दुसऱ्या उतरण्याच्या कामी आलं.

आई-बापांना माझं एवढंच सांगणं आहे. मुलगा किंवा मुलगी एखाद्या परीक्षेत पडली, तर लगेच निकाल लावू नका. पडताना तिने काय खरवडलं, काय उघडं केलं, ते आधी विचारा. उत्तर यायला कधी २८ मिनिटं लागतात, कधी सहा वर्षं.

फिले आजही त्या धूमकेतूवरच आहे. दर साडेसहा वर्षांनी तो धूमकेतू सूर्याजवळ येतो. २०२१ मध्ये येऊन गेला, २०२८ मध्ये पुन्हा येईल. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. पण सातपुड्याच्या वरचं काळंभोर आकाश तेव्हा मुलांना जरूर दाखवा, आणि सांगा की शेंडेनक्षत्रावर आपल्यातलंच कुणीतरी बसलेलं आहे.