संथ डाव, स्वच्छ डाव



पूर्वी पोस्टकार्डावर एकेक चाल कळवून बुद्धिबळ खेळायचे.
आता तोच संथ डाव मोबाइलवर चालतो.
एका चालीला दिवस-दिवस मिळतात.

मग पुस्तक पाहिलं तर चालेल?
लिचेस आणि चेस डॉट कॉम या संकेतस्थळांवर, अशा डावांत, चालतं.
सुरुवातीच्या चालींची पुस्तकं बघा.
जुने डाव चाळा.
चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, म्हणजे इंजिन, मात्र नाही.
मित्राचा सल्लाही नाही.

समजा, पटावर उरलेत दोन राजे, हत्ती आणि एक प्यादं.
अचूक उत्तर देणारा टेबलबेस उघडावासा वाटतो.
तोही नाही!

गंमत म्हणजे, आयसीसीएफ या जागतिक संघटनेच्या बहुतेक स्पर्धांत इंजिन चालतं.
तिथे ती लबाडी नव्हे.

म्हणून सांगते, श्रोतेहो:
जिथे खेळाल, आधी तिथले नियम वाचा,
मगच पहिलं प्यादं हलवा.