आंब्याखाली काय लावू?

मिरजेहून, फलटणहून, पार पाटणच्या डोंगरातून पत्रं येतात आणि प्रश्न एकच: "फळवनात आंब्याखाली काय लावू?" कोकणातली नारळ-सुपारी, मिरवेल, केळीची मजल्या-मजल्यांची बाग तुम्ही बघून आलेले असता. अहो, तिथली सगळी मंडळी पाण्याची! आपल्याकडं महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढं पाऊस, पण माण-आटपाडीला 500 च्या आसपास. म्हणून आधी मला सांगा, वरच्या झाडाला पाणी कधी नको असतं?

हे कुणी विचारतच नाही. डाळिंब, लिंबू, सीताफळ ही ताणाची झाडं. बहार धरायच्या आधी पाणी तोडायचं, पालवी थांबते, काडीत अन्न साठतं, मग पाणी सोडलं की फूल. मुरमाड रानात डाळिंबाची पानं लवकर पिवळी पडतात, कृष्णाकाठच्या काळ्या रानात जास्त दिवस थांबावं लागतं. आंब्यालाही पाऊस सरल्यावर कोरडं हवं, नाहीतर मोहोराऐवजी पालवी. आणि केळ, पपई, अळू, आलं, हळद? त्यांना मुळाशी ओल लागते. या दोघांची सोयरीक एका ठिबक नळीवर जमत नाही. नाही म्हणजे नाही.

आटपाडीकडं एका बागेत डाळिंबाच्या दर दोन झाडांमध्ये केळ होती. मालकानं ताणासाठी व्हॉल्व्ह बंद केला. पंधरा दिवसांत केळीची पानं मधल्या शिरेवर मिटली. घरच्या माउलीला बघवेना, तिनं रोज संध्याकाळी घागरभर पाणी ओतलं. केळ जगली, डाळिंब हिरवंगार झालं, फूल मात्र कुठं चुकून एखादं. मालक मला विचारतो, "कोणतं औषध मारू?" काय मारणार? त्या माउलीला बोल लावू नका, लावणाऱ्याला लावा.

"पण साहेब, हळद सावलीत येते ना?" येते. अडचण सावलीची नाहीच! हळद मे महिन्यात लावता, काढता जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंब्याला कोरडं हवं, तेव्हाच तुम्ही हळदीला पाणी पाजता. आंबा फळावर यायचाय तोवर, पहिली तीन-चार वर्षं, खुशाल घ्या. पुढं दोन ओळींतल्या उन्हाच्या पट्ट्यात चवळी, घेवडा, पावसावर निघून जाणारं काहीही.

केळ लावूच नका असं नाही म्हणत मी. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी कुठं लावली होती आठवा: मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू, सीताफळ लांब बांधावर. तसंच करा. पाण्याची झाडं एका अंगाला, त्यांची नळी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा. मधे चांगलं पंधरा-वीस फूट अंतर राहू द्या.

बाकीचं थोडक्यात. उंच झाडं उत्तरेच्या बाजूला, म्हणजे हिवाळ्यात बागेवर सावली पडत नाही. पपईजवळ काकडी-दोडका नको, विषाणू एकच आणि मावा तो पसरवतो. डाळिंबात वांगी-टोमॅटो नको, सूत्रकृमी वाढतात, झेंडू लावा. बांधावर गिरिपुष्प, छाटलेला पाला आळ्यात. पाटणकडं आल्याला निचरा नसेल तर कंद कुजलाच समजा.

आणि पत्र लिहाल तेव्हा वरचं झाड कोणतं, रान कसलं, पाणी कधी तोडता, एवढं लिहा. या तीन गोष्टी नसतील तर उत्तर देणार नाही मी. बरं, देईन. पण परत हेच ऐकावं लागेल.