डॅनियल बूनच्या घराण्याचा कागदोपत्री माग

केंटकीची वाट उघडणारा शिकारी आणि वसाहतकार म्हणून डॅनियल बून याचे नाव अमेरिकेच्या इतिहासात अग्रक्रमाने घेतले जाते. परंतु त्याच्या घराण्याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अठराव्या शतकातील सरहद्दीवर, म्हणजे जेथे गोऱ्या वसाहतकारांची शेते संपत आणि मूलनिवासी जमातींचा मुलूख सुरू होई अशा पट्ट्यात, कोणाचे कुटुंब केवढे आहे हे लिहून ठेवणारे सरकारी दफ्तरच नव्हते. धर्मसंस्थेला आपल्या सभासदांच्या वर्तनावर लक्ष ठेवायचे होते, सरकारला कर गोळा करायचा होता, न्यायालयाला जमिनीचे तंटे मिटवायचे होते. या निरनिराळ्या गरजांपोटी झालेल्या लिखाणातून घराण्याची माहिती वेचून काढावी लागते, आणि म्हणून प्रत्येक कागद कोणी व कशासाठी लिहिला हा प्रश्न त्यातील मजकुराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

बून घराण्याचा सर्वांत जुना अमेरिकन माग लागतो तो क्वेकरांच्या दफ्तरात. क्वेकर हा पुरोहित न मानणारा, साधेपणाचा आग्रह धरणारा ख्रिस्ती पंथ. त्याच्या मासिक सभांची इतिवृत्ते अत्यंत नेटकी असत. डॅनियलचा आजोबा जॉर्ज बून हा इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचा विणकर 1717 मध्ये पेनसिल्व्हेनियात आला. त्याच्या आधीच तेथे पोहोचलेला मुलगा स्क्वायर, म्हणजे डॅनियलचा बाप, याचा विवाह 1720 मध्ये सारा मॉर्गन हिच्याशी झाला. क्वेकरांत विवाहेच्छू जोडप्याने आपला मनोदय सभेपुढे सांगावा, सभेने दोघांची चौकशी करावी आणि विवाहानंतर उपस्थितांनी दाखल्यावर सह्या कराव्यात, अशी रीत होती, त्यामुळे अशा एकेका दाखल्यात सारे सोयरेधायरे एकत्र सापडतात. पुढे स्क्वायरच्या मुलीने पंथाबाहेर लग्न केले, तेव्हा त्याने सभेपुढे चूक कबूल केली. मात्र मुलगा इस्रायल यानेही तेच केल्यावर स्क्वायर नमला नाही आणि 1748 मध्ये सभेने त्याला बहिष्कृत केले. 1750 मध्ये हे कुटुंब दक्षिणेकडे, नॉर्थ कॅरोलिनातील याडकिन नदीच्या खोऱ्याकडे निघाले. त्या स्थलांतराला स्वस्त जमिनीचा ओढा होताच, पण त्यामागे असलेला हा मानभंग केवळ शिस्तभंगाच्या नोंदींमुळे कळतो.

याच दफ्तरांत तारखांचा एक घोळ आहे. 1752 पर्यंत इंग्रजी वसाहतींत जुनी दिनगणना चालू असून वर्षारंभ 25 मार्चला होई, आणि क्वेकर महिन्यांची नावे न लिहिता केवळ क्रमांक लिहीत. साहजिकच त्या काळच्या नोंदीतील ‘दुसरा महिना’ म्हणजे फेब्रुवारी नसून एप्रिल असतो. 1752 मध्ये दिनगणना बदलताना अकरा दिवस गाळले गेले, म्हणून डॅनियलचा जन्मदिवस कोठे 22 ऑक्टोबर 1734 तर कोठे 2 नोव्हेंबर 1734 असा दिलेला आढळतो आणि दोन्ही बरोबर असतात.

डॅनियलने 1756 मध्ये रिबेका ब्रायन हिच्याशी विवाह केला व 1757 ते 1781 या काळात त्यांना दहा मुले झाली. पुढे हे कुटुंब केंटकीत गेले, आणि त्याचा तेथील इतिहास हा प्रामुख्याने जमिनीच्या कागदांचा इतिहास आहे. त्या वेळी केंटकी व्हर्जिनियाच्या अमलाखाली होते, आणि व्हर्जिनियाच्या 1779 च्या कायद्याप्रमाणे जमीन मिळण्यास चार पायऱ्या चढाव्या लागत : अधिकारपत्र घ्यायचे, अमुक ठिकाणची जमीन हवी अशी नोंद करायची, मोजणी करवून घ्यायची आणि अखेरीस सनद मिळवायची. प्रत्येक पायरीचा स्वतंत्र कागद होत असल्याने एका तुकड्यामागे चार तारखा हाती लागतात. त्यांतही मोजणीचा कागद फार बोलका. जमीन मोजण्याची गंटरची साखळी 66 फुटांची, परंतु झाडीतून चालताना सोयीची म्हणून तिची निम्मी, 33 फुटांची साखळीही वापरली जाई. महाराष्ट्रातील एक गुंठा म्हणजे याच 33 फुटांचा चौरस होय, हे येथे सांगण्यासारखे आहे. हद्दीच्या खुणा म्हणून ओक, शुगर मेपल अशा झाडांवर कुऱ्हाडीने खाचा पाडीत, आणि कागदाच्या तळाशी साखळी धरणाऱ्यांची व खुणा करणाऱ्यांची नावे लिहीत. ही माणसे बहुधा मालकाचे मुलगे, जावई, मेहुणे किंवा शेजारी असत, आणि म्हणून वंशावळीच्या अभ्यासकाची नजर क्षेत्रफळाआधी त्या तळटिपेकडे जाते. बून स्वतः मोजणीदार होता. झाडे तुटली की हद्दीही नाहीशा होत, एकाच भूमीवर अनेकांचे दावे चढत, आणि त्या खटल्यांत जुन्या वसाहतकारांनी शपथेवर दिलेल्या जबान्यांतून कोणत्या साली कोणत्या ओढ्याकाठी कोणाची झोपडी होती हे कळते. तंटे नसते, तर हे काहीच लिहिले गेले नसते.

केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या जनगणनेची मूळ पत्रके उपलब्ध नसल्याने तेथे करपट्ट्यांचा आधार घेतात. 21 वर्षे पूर्ण झालेला मुलगा त्यात स्वतंत्रपणे दिसू लागला, की त्याच्या जन्मसालाचा अंदाज बांधता येतो. स्त्रिया मात्र या पट्ट्यांत क्वचितच येतात. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत एक तृतीयांश वाटा असल्यामुळे विक्रीखतावर पत्नीची संमती नवऱ्याच्या गैरहजेरीत विचारून घेत, आणि पुष्कळ बायकांचे नाव उभ्या आयुष्यात तेवढ्याच एका कागदावर उमटलेले असते.

डॅनियल 1820 मध्ये मिसुरीत वारला. त्यानंतर 1851 मध्ये लायमन ड्रेपर या संग्राहकाने त्याचा धाकटा मुलगा नेथन व सून ऑलिव्ह यांना भेटून त्यांच्या आठवणी सविस्तर उतरवून घेतल्या. ती टिपणे विस्कॉन्सिन राज्याच्या ऐतिहासिक संस्थेत आहेत. नेथनचा जन्म 1781 चा असल्याने आधीच्या घटना त्याला ऐकूनच ठाऊक होत्या, हे विसरून त्याचे शब्द प्रमाण मानले जातात, तेव्हा घरगुती आख्यायिकेला इतिहासाचे रूप येते.

या कागदांत सगळी माणसे सारखी दिसत नाहीत. 10 ऑक्टोबर 1773 रोजी केंटकीच्या वाटेवर डॅनियलचा थोरला मुलगा जेम्स एका हल्ल्यात मारला गेला. त्या हल्ल्यातून अॅडम नावाचा एक कृष्णवर्णीय गुलाम लपून वाचला, आणि जेम्सच्या अखेरच्या घटकांची हकीकत मुख्यत्वे त्याच्या सांगण्यावरून जगाला ठाऊक झाली. जेम्सचे आईवडील, आजोबा-पणजोबा कागदोपत्री सापडतात. अॅडमचे आडनावही त्यांत नाही. 1850 मध्ये जनगणनेत घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिण्यास सुरुवात झाली, तेव्हाही गुलामांच्या पत्रकात मालकाचे नाव, आणि त्याखाली बहुधा गुलामाचे नाव न लिहिता वय, लिंग व वर्ण यांसारखे रकाने भरले जात होते. अशा घराण्यांचा माग काढणाऱ्यांना गोऱ्या मालकांची मृत्युपत्रे, वाटणीपत्रे आणि विक्रीखतेच चाळावी लागतात.