केसांसाठी दही: ताटात आणि डोक्यावर

केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात, म्हणून त्यांची खरी मशागत ताटातूनच होते. १०० ग्रॅम दह्यात साधारण ३ ते ४ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय बी-१२ जीवनसत्त्वही. जेवणात रोज वाटीभर ताजं दही असू द्या, कोशिंबिरीत घातलं तरी चालेल. मात्र दह्यात लोह अगदीच नगण्य, आणि बायकांच्या केसगळतीमागे अनेकदा लोहाचीच कमतरता असते. त्यासाठी पालेभाज्या, कडधान्यं आणि वर लिंबू हवंच.

डोक्याला लावलेलं दही मुळांना पोसत नाही. त्यातल्या स्निग्धतेने कोरडे केस मऊ होतात, एवढंच. २० मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा. टाळूला जखम असेल तर लावू नका. केस पुंजक्यांनी गळू लागले, तर वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.