घरातलं म्हातारं कुत्रं आणि त्याचं थकलेलं हृदय

एरवी आपण शेळी, कोंबडी, परसबाग आणि कर्जाचा हप्ता यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. दारातलं कुत्रं म्हातारं झालं, त्याच्या हृदयाला आजार झाला, तर घरच्या बाईने काय करायचं, हे आज सांगणार आहे.

हा विषय मला एका बैठकीत मिळाला. इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर गटाची मासिक बैठक होती. एका ताईने तीन हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "मोत्याच्या औषधाला." मोत्या कोण? तर घरचं कुत्रं. सगळ्या हसल्या. खरं सांगते, मीही हसले. वर म्हणाले, "ताई, कर्ज शक्यतो उत्पादक कामाला घ्यावं."

ती ताई शांतपणे म्हणाली, "मॅडम, मालक कारखान्यावर रातपाळीला असतात. तेरा वर्षं रात्रीचं माझ्या दारात कोण बसलं? उसात बिबट्या आला, तेव्हा पहिलं कोण भुंकलं? ते काम उत्पादक नव्हतं का?"

बैठकीत कुणी काही बोलेना. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "द्या तिला. ती फेडणारी आहे." पाचशेचे सहा हप्ते आणि नेहमीचं व्याज ठरलं. ठराव लिहिला, सह्या झाल्या.

मोत्याला झालं काय होतं? त्याची आई पामेरियन आणि बाप गावातलाच, म्हणजे अंगाने लहानच. तो रात्री खोकायचा. घशात हाडूक अडकल्यासारखा आवाज काढायचा आणि शेवटी ओकारी आल्यासारखं करायचा. घरच्यांनी हळद-मध चाटवला. पोराचं खोकल्याचं औषध पाजलं. यात दोन महिने गेले. एक दिवस मुंगसाच्या मागे धावताना तो विहिरीजवळ धाडकन पडला आणि मिनिटभराने उठून बसला. तेव्हा त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी लावून छाती ऐकली, एक्स-रे काढायला लावला. हृदय मोठं झालेलं होतं आणि फुफ्फुसात पाणी साठायला लागलं होतं.

हे कसं होतं ते आपल्या भाषेत सांगते. विहिरीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह खराब झाला की काय होतं? मोटर चालू असते, पण पाणी मागे उतरतं. हृदयातही अशा झडपा असतात. रक्त पुढे गेलं की त्या मिटतात आणि रक्त मागे येऊ देत नाहीत. म्हातारपणी लहान जातीच्या कुत्र्यांत डाव्या बाजूची झडप जाड होते, नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. हृदय जास्त जोर लावतं, ताणून मोठं होतं. मागे फुफ्फुसात दाब वाढतो आणि तिथे पाणी पाझरतं. डॉबरमनसारख्या मोठ्या जातींत मात्र झडपेपेक्षा हृदयाचा स्नायूच ढिला पडतो. दोन्हींत शेवटी दम लागतो.

आता खुणा ऐका. रात्री किंवा पडून राहिल्यावर खोकला येणं. थोडं चाललं तरी धाप लागणं. पूर्वी बांधापर्यंत यायचं ते आता अर्ध्या वाटेत बसणं. अचानक चक्कर येऊन पडणं. पाठ-मांड्या वाळणं आणि पोट मात्र फुगणं. पोट फुगलं की आपण म्हणतो, जंत झाले किंवा चांगलं खाऊन सुटलंय. पण ते पाणीही असू शकतं. खोकला श्वासनळीच्या किंवा फुफ्फुसाच्या आजारानेही येतो, म्हणून छाती तपासल्याशिवाय घरी औषध ठरवू नका.

आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते. तिला एक पैसाही लागत नाही. कुत्रं गाढ झोपलं की त्याच्याजवळ बसा. छाती एकदा वर आली आणि खाली गेली की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. झोपेतला श्वास तीसच्या आत असावा. रोज मोजताना तो तीसच्या वर जायला लागला, तर फुफ्फुसात पाणी साठत असल्याची ती पहिली खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उन्हात, धावून आल्यावर किंवा स्वप्नात पाय हलवत असताना मोजू नका, आकडा चुकतो.

आणि तो आकडा लिहून ठेवा. आपल्या पंचसूत्रीत नोंदी ठेवणं आहेच. त्या ताईने मुलाच्या जुन्या वहीत रकाने आखले: तारीख, श्वास, औषध दिलं का, खाल्लं का, खोकला किती. चार महिन्यांनी श्वास बावीसवरून सव्वीस, मग चौतीस झाला. मोत्या वरून ठीक दिसत होता, शेपूट हलवत होता. पण ताई वही घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी औषधाचं प्रमाण बदललं आणि तीन दिवसांत आकडा परत खाली आला. वही नसती तर चौतीस कुणाला कळला असता?

औषधांचं म्हणाल, तर झडपेचा हा आजार गोळीने बरा होत नाही. पण त्रास कमी होतो आणि दिवस वाढतात. एक गोळी लघवीवाटे जादा पाणी काढते. दुसरी, पिमोबेंडान नावाची, हृदयाच्या ठोक्याला जोर देते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक देशांतली ३६० कुत्री होती. झडप गळते आहे, हृदय मोठं झालं आहे, पण त्रास अजून सुरू नाही, अशी ती कुत्री. त्यांना ही गोळी दिल्यावर त्रास सुरू होण्याची वेळ साधारण पंधरा महिने पुढे गेली. म्हणजे आजार लवकर कळला तर फायदा आहे.

गोळ्यांबाबत चार गोष्टी पाळा. पिमोबेंडान रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर आधी द्यायची असते. बारा तासांचं अंतर सांगितलं असेल तर तेच पाळा. लघवीची गोळी चालू असताना कुत्र्याला तहान फार लागते, सारखी लघवी होते. घरात घाण करतं म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका, त्याने मूत्रपिंडाला धोका होतो. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका. आणि माणसाची गोळी देऊ नका. त्या घरातल्या आज्जी म्हणाल्या होत्या, "माझी बीपीची गोळी आहे, अर्धी त्याला दे." प्रेमापोटी म्हणाल्या, पण प्रमाण चुकलं तर जीव जातो. अंगदुखीच्या आपल्या गोळ्या तर कुत्र्याला विषासारख्या आहेत.

आता खाणं. हृदयाच्या आजारात मीठ पाणी धरून ठेवतं. लोणचं, पापड, फरसाण, खारी, मिठाचं ताक बंद. बिस्किटातही मीठ असतं. चपातीच्या कणकेत मीठ घालत असाल तर त्याचा गोळा आधी वेगळा काढा. भात किंवा बिनमिठाची ज्वारीची भाकरी, त्यात उकडलेलं अंडं किंवा हाडं काढलेली उकडलेली कोंबडी, थोडा दुधी किंवा भोपळा. फोडणी आणि मीठ घालायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढायचा, एवढंच. भिगवणच्या बाजारातली ताजी मासळी उकडून, काटे काढून चालेल. खारवलेली सुकट नको. आपल्याकडे द्राक्षबागा आहेत, म्हणून मुद्दाम सांगते: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदाही नको. कांद्याने त्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात.

दर आठवड्याला वजन करा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटीने उभं राहा आणि वजाबाकी करा. वजन एकदम वाढलं तर पाणी साठतंय, हळूहळू घटतंय तर अंग झडतंय. दोन्ही डॉक्टरांना सांगा.

आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकूनच गार होतं. आजारी हृदयाला ते झेपत नाही. पत्र्याखाली बांधू नका. झाडाची सावली, ओलं पोतं, गार पाणी द्या. फिरवायचं ते सूर्य उगवायच्या आत, त्याच्या चालीने. गळ्यात पट्टा आवळण्यापेक्षा छातीभोवतीचा पट्टा बरा. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात तेव्हा त्याला धुरापासून लांब न्या. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत ठेवा.

तातडीची वेळ कधी समजायची? बसून मान लांब करून, कोपरं बाहेर काढून श्वास घेतंय, आडवं होत नाही, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडल्यात, तर सकाळची वाट पाहू नका. तोंड बांधू नका, कुशीवर दाबून झोपवू नका, तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका. जसं बसलंय तसंच गाडीत घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि निघा. निघताना डॉक्टरांना फोन करा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक आहे. ती सेवा मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे, तरी जवळ डॉक्टर कुठे मिळतील ते तिथे विचारता येतं. मोठी तपासणी लागली, तर नीरा-लोणंदमार्गे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करून कोणती सोय आहे ते विचारून घ्या.

मोत्या चौदा महिने जगला. कर्जाचा शेवटचा हप्ता सहाव्या महिन्यातच फिटला, एकही चुकला नाही. शेवटी औषध वाढवूनही श्वास पन्नासच्या खाली येईना. तो खाईना, रात्रभर बसून राही. डॉक्टरांनी सांगितलं की आता फक्त त्रास उरलाय, झोपेचं इंजेक्शन देऊन त्याला मोकळं करता येतं. घरात दोन दिवस चर्चा झाली. आज्जी म्हणाल्या, "त्यानं आपल्यासाठी जागून काढलं, आता त्याला झोपू द्या." इंजेक्शन दिलं तेव्हा ताई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हा निर्णय बरोबर की चूक, हे मी सांगणार नाही. ज्या घराने सांभाळलं, त्यानेच तो घ्यावा. एवढंच म्हणेन की म्हातारं झालं म्हणून पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडून येणं, हा मार्ग नव्हे. आजारी कुत्रं तिथे उपाशी मरतं, आणि ते आपल्याला माहीत असतं.

औषधाचा रोजचा खर्च प्रत्येकीला झेपेल असं नाही, हे मी जाणते. ज्यांना झेपत नाही, त्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. सगळ्यात गरजेची गोळी कोणती, हे ते सांगतील. बिनमिठाचं खाणं, सावली, पाणी आणि श्वास मोजणं तर फुकटच आहे.

त्या गटाने पुढे कर्जाच्या कारणांच्या यादीत एक ओळ वाढवली: घरच्या कुठल्याही जनावराचा औषधोपचार. आपल्या पुढच्या बैठकीत तुम्हीही यावर बोला. आणि आज रात्री जेवणं उरकली की दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्याजवळ एक मिनिट बसा, त्याचा श्वास मोजा आणि आकडा लिहून ठेवा.