रूळ आधी की वस्ती आधी?

गर्दी इतकी असताना गाड्या का वाढवीत नाहीत, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरी रेल्वेविषयी हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र वेळापत्रकात सापडत नाही. ते जमिनीच्या नकाशात शोधावे लागते, आणि त्या नकाशाचा मोठा भाग महानगरपालिका, नगरपरिषद, तहसील कचेरी व ग्रामपंचायत यांच्या दप्तरात असतो. म्हणूनच हा विषय केवळ रेल्वेच्या अभियंत्यांवर सोपवून मोकळे होता येण्याजोगा नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. अंतर होते ३४ किलोमीटर. समुद्रात घुसलेल्या या चिंचोळ्या भूमीवर कचेऱ्या व गोदी दक्षिण टोकाला एकवटल्या, तर माणसांना राहावयास जागा उरली ती उत्तरेकडेच. सकाळी सारा लोंढा दक्षिणेस व सायंकाळी उत्तरेस, हा क्रम तेव्हापासून शहराच्या अंगवळणी पडला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गावर कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत वीज पोहोचली. त्या काळात रूळ आधी पडले आणि त्यांच्या आधाराने उपनगरे वाढली. स्वातंत्र्यानंतर हा क्रम हळूहळू उलटला. वस्ती आधी वाढू लागली आणि रूळ तिच्या मागे धावू लागले.

मागे पडलेल्या रेल्वेला वेग धरण्याचे मार्ग थोडेच असतात. एका रुळावर एकामागून एक धावणाऱ्या दोन गाड्यांमध्ये साधारणतः तीन मिनिटांचे अंतर राखावे लागते. म्हणजे तासाला वीसच्या आसपास गाड्या झाल्या की तो रूळ भरला. मग उरतो तो उपाय गाडी लांब करण्याचा. नऊ डब्यांच्या गाडीला आणखी तीन डबे जोडले की त्याच फेरीत एकतृतीयांश अधिक माणसे जातात. याच विचाराने नवाच्या बारा झाल्या. पंधरा डब्यांची गाडी पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये व मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये सुरू झाली. परंतु गाडी लांबली की फलाटही लांबला पाहिजे. आणि जेथे फलाटाच्या एका टोकास वळण व दुसऱ्या टोकास रस्त्याचा पूल किंवा लोकांची घरे आहेत, तेथे तो लांबवावा कोठे? सुमारे सतराशे प्रवाशांसाठी असलेल्या नऊ डब्यांच्या गाडीत ऐन गर्दीच्या वेळी साडेचार हजारांहून अधिक माणसे कोंबली जात, ते उगाच नव्हे.

लांब गाडीला वीजही अधिक लागते. मुंबईची सारी उपनगरी रेल्वे मूळ १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत असे. व्होल्टता कमी असली की तेवढ्याच कामासाठी विद्युतप्रवाह फार मोठा लागतो, तारांत वीज वाया जाते आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे उभारावी लागतात. म्हणून २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा अवलंब करण्याचे ठरले. सांगावयास हे एका वाक्याचे काम. करावयास कित्येक वर्षांचे. रोज लक्षावधी लोकांची ने-आण करणारी रेल्वे एक दिवसही बंद ठेवता येत नव्हती. त्यामुळे दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आधी आणाव्या लागल्या. शिवाय उच्च दाबाच्या तारेभोवती अधिक मोकळी जागा लागते, आणि मुंबईतले ब्रिटिश अमदानीतील रस्त्यांचे पूल तर रुळांवर वाकून उभे. कोठे पूल उचलावा, कोठे रूळच खाली घ्यावा, कोठे पूल पाडावा, असा एकेका पुलाचा हिशेब करावा लागला. माझगावजवळचा जुना हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडण्यात आला. पश्चिम रेल्वेवर हे परिवर्तन २०१२ साली पुरे झाले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली आणि हार्बरवर २०१६ साली. प्रवाशांपैकी बहुतेकांना या कामाचा पत्ताही लागला नसेल. चांगल्या कामाची ही एक खूणच म्हणावयाची.

गाडीची लांबी, वीज, सिग्नल ही कामे कठीण असली तरी ती रेल्वेच्या हद्दीत होती. हद्दीबाहेर पाऊल टाकताच कामाची गती कशी बदलते, याचे उदाहरण ठाणे ते दिवा या मार्गाने घालून दिले. लांब पल्ल्याच्या गाड्या व उपनगरी गाड्या यांची वाट वेगळी व्हावी म्हणून येथे पाचवी व सहावी मार्गिका टाकावयाची होती. अंतर जेमतेम नऊ किलोमीटर. हे काम मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले. त्या टप्प्यास २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली आणि नव्या मार्गिका वाहतुकीस खुल्या झाल्या त्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. एका बाजूस पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मध्ये मुंब्र्याची दाट वस्ती, अशा चिंचोळ्या पट्टीत रेल्वेला जागा मिळवावयाची होती. त्याच मुंब्र्याजवळ ९ जून २०२५ रोजी गाडीच्या दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. मार्गिका वाढल्या तरी त्यांच्या पलीकडे कल्याण, बदलापूर, टिटवाळा येथे वस्ती त्याहून झपाट्याने वाढलेली होती.

रुळांलगत राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्नही असाच. परिवहन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात रस्ते व रेल्वे मिळून सुमारे एक लाख लोकांचे पुनर्वसन करावे लागले. रुळापासून हाताच्या अंतरावर असलेल्या झोपडीत मुले वाढत होती आणि तीच झोपडी वाचवावयाची म्हणून गाड्यांना वेग आवरावा लागत होता. या कुटुंबांना हुसकावण्याऐवजी पर्यायी घर देण्याचे धोरण आखले गेले, आणि रहिवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, संघटनांनी गणती व स्थलांतर यांत मोठा वाटा उचलला. तरीही नवे घर मिळाले तेथून कामाचे ठिकाण दूर पडले, ही तक्रार अनेकांची राहिली, आणि तीत तथ्य होते.

स्थानकाबाहेरच्या जमिनीचा वापर बदलला आणि स्थानक तसेच राहिले तर काय घडते, ते २९ सप्टेंबर २०१७ रोजी दिसले. परळ व एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचे प्रभादेवी, या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद जिन्यावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. ही स्थानके गिरणगावातली. गिरणी कामगार बहुधा जवळच्या चाळीत राही आणि पायी कामावर जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या, त्यांच्या जमिनीवर उंच कचेऱ्या आल्या आणि त्यांत काम करणारा नोकरवर्ग दूरच्या उपनगरांतून रेल्वेने येऊ लागला. इमारतींना परवानगी देणारे कार्यालय एक, जिना बांधणारे दुसरे. दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी नवा पादचारी पूल उभारला, तो काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. इतक्या लवकर होऊ शकणारे काम इतकी वर्षे का झाले नाही, हे लोकांनी विचारले तर त्यांना दोष देता येणार नाही.

याहून निराळी वाट नवी मुंबईने धरली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हापासून शहराच्या आराखड्यात रेल्वेची पट्टी व स्थानकांच्या जागा राखून ठेवण्यात आल्या. रेल्वे बांधावयाची वेळ आली तेव्हा खर्चाचे ६७ टक्के सिडकोने व ३३ टक्के रेल्वेने सोसावेत असे ठरले. पुढे तिकिटावर अधिभारही बसविण्यात आला. ठाणे खाडीवरील पुलावरून वाशीस पहिली गाडी मे १९९२ मध्ये आली. रस्त्याचा पूल मात्र १९७३ मध्येच झालेला होता. मधली जवळजवळ वीस वर्षे नव्या शहरातील रहिवासी बससाठी रांगेत उभे राहिले आणि अनेकांनी तेथे राहावयास जाण्याचा बेत लांबणीवर टाकला. पण जागा राखलेली होती म्हणून वाशीमागून बेलापूर, पनवेल, आणि २००४ मध्ये ठाणे, असे जाळे विणता आले. घरे पाडण्याचा प्रसंग मुंबईच्या मानाने फारच थोडा आला.

ही राखलेली जागा आकाशातून पडलेली नव्हती. पंचाण्णव गावांच्या शेतकऱ्यांची, मिठागरांची, भातखाचरांची ती जमीन. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासई परिसरातील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती या आंदोलनाच्या पोटी. जासईच्याच उरण तालुक्यात उपनगरी गाडी पोहोचली ती १२ जानेवारी २०२४ रोजी. तोवर मुंबईस जावयाचे तर एस. टी. किंवा मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्यास जाणारी लाँच, हीच तेथील लोकांची भिस्त होती.

आता हीच पाळी रायगड जिल्ह्यातल्या आणखी गावांवर येत आहे. रेल्वे मंत्रालय व महाराष्ट्र शासन यांची ५१ व ४९ टक्के भागीदारी असलेले मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले. त्याच्यामार्फत राबवावयाच्या परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात विरार-डहाणू चौपदरीकरण व ऐरोली-कळवा जोडमार्ग यांच्याबरोबर पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आहे. चिखले, चौक ही त्यावरची स्थानके. वावर्ले येथील बोगदा अडीच किलोमीटरांहून लांब. मार्गाची आखणी जाहीर होताच जमिनीच्या दलालांची वर्दळ सुरू होते, हा अनुभव बदलापूर व नेरळ येथे येऊन गेलेला आहे. अशा गावांत बिनशेती परवानगीचा अर्ज आला की तो भूखंड स्थानकाच्या वाटेवर तर येत नाही ना, ओढ्याचे पाणी रुळाखालच्या मोरीतून जाण्याची सोय बुजत नाही ना, फाटकाऐवजी उड्डाणपूल करावयाचा झाल्यास त्याच्या उतारास जागा उरते की नाही, इतके जरी तपासले गेले तरी पुष्कळ. दिवा स्थानकाजवळच्या फाटकाने वर्षानुवर्षे गाड्या रखडविल्या, त्याचे मूळ अशाच न तपासलेल्या गोष्टींत होते. मार्ग ज्या सर्व्हे नंबरांतून जातो त्यांची यादी तलाठ्याकडे असते. ती ग्रामसभेपुढे वाचून दाखविण्यास खर्च काहीच येत नाही.