निवारा, फरशी आणि जंत



२०२५च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून देशभर वाद पेटला होता. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला: नसबंदी करा, लस टोचा, जंताचं औषध द्या आणि उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी वगळा. नसबंदीवर भांडणं झाली, लशीवर झाली. जंताच्या औषधाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आज त्यावरच बोलणार आहे. जेवून आलेल्यांनी सांभाळून घ्यावं.

भटक्या कुत्र्यांत जंत किती आढळतात? आसामच्या चहामळ्यांतल्या वस्तीत झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तिथे जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या विष्ठेत कुठला ना कुठला परजीवी सापडला. जंत सोडून रक्तातल्या रोगजंतूंकडे पाहायचं, तर पुढे मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या रस्त्यावरच्या आणि निवाऱ्यांतल्या ५२५ कुत्र्यांचं रक्त तपासलं गेलं. पीसीआरने, म्हणजे जनुकीय चाचणीने, पाहिलं तेव्हा गोचिडांतून येणारे रोगजंतू जवळपास निम्म्या कुत्र्यांत निघाले. नुसत्या सूक्ष्मदर्शकाला त्यातले फार थोडे दिसले होते. म्हणून टक्केवारी कानावर आली की आधी विचारावं, पाहिलं कशाने? विष्ठेच्या तपासणीत अंडी दिसतात आणि अंडी घालते ती वयात आलेली मादी. आतड्यात अळ्या अजून वाढत असतील, तर अहवाल स्वच्छ येतो आणि पोट मात्र भरलेलं असतं.

पिल्लांची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. टॉक्सोकारा नावाच्या गोलकृमीच्या अळ्या मोठ्या कुत्रीच्या स्नायूंत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. नेहमीच्या गोळीने त्या मरत नाहीत. कुत्री गाभण राहिली, दिवस भरत आले, की त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात शिरतात. पिल्लू जन्मतं तेच जंत घेऊन. तीन-चार आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागतात. दुसरे जंत म्हणजे अंकुशकृमी; ते आईच्या दुधातून येतात आणि रक्त शोषतात. त्यांनी फिक्कट पडून दगावलेली पिल्लं प्रत्येक पशुवैद्याने पाहिली आहेत. म्हणून पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासूनच औषध सुरू करतात, तपासणीची वाट न पाहता.

आता निवाऱ्याकडे येऊ. गोलकृमीचं ताजं अंडं कोणाला बाधत नाही. त्याच्या आत अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मग मात्र ते ओलसर मातीत वर्षं-वर्षं तग धरतं, फिनेलला दाद देत नाही. मुलं मातीत खेळतात आणि हात तोंडात घालतात. त्यांना धोका या जुन्या मातीचा असतो, आणि क्वचित ती अळी मुलाच्या डोळ्यापर्यंत पोचते. उलट बाजूने पाहा: विष्ठा रोजच्या रोज उचलली तर त्या अंड्याला पिकायला सवडच मिळत नाही. कोरडा कोबा आणि ऊन यांपुढे अंकुशकृमीच्या अळ्याही टिकत नाहीत. ओली जमीन, कोंदट खोली आणि एका पिंजऱ्यात चार कुत्री असली, की महागडी गोळी देऊनही महिन्याभरात मूळपदावर.

तपकिरी गोचीड तर याहून बेरकी. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या फटीत जाते आणि तिथे हजारांच्या घरात अंडी घालते. तिच्या आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्यावर जातच नाही. आपण मात्र कुत्र्याला आंघोळ घालतो आणि भिंत तशीच ठेवतो!

निवारा बांधायला निघालेल्या नगरपालिकेला मी पहिल्यांदा विचारीन, रोज विष्ठा उचलायला माणसं किती ठेवणार, भिंतींच्या फटी कोण बुजवणार, आणि नव्याने आलेल्या कुत्र्याला काही दिवस वेगळं ठेवायला जागा कुठे आहे? पिंजरे किती, हे त्यानंतर बोलू.